उतरलेला कपडा, आपला थाट



लग्नसराई आली की बैठकीत एक मागणी हमखास येते, "कपड्यांसाठी कर्ज पाहिजे." कर्जाला ना नाही, पण आधी हिशोब करू. समजा, गटाचं व्याज महिन्याला २ टक्के आहे आणि ५,००० रुपये १० हप्त्यांत फेडायचेत. दरमहा मुद्दल ५००. व्याज पहिल्या महिन्यात १००, मग ९०, मग ८०, असं एकूण ५५० रुपये. व्याज गटातच राहतं हे खरं, पण हप्ता जातो आपल्या घरखर्चातून. शेळी किंवा शिलाई मशीन घेतलं तर त्यातून हप्ता निघतो. दोनदा नेसून पेटीत गेलेल्या साडीतून निघत नाही. म्हणून या महिन्याचा पाठ जुन्या कपड्यांचा.

कपडा कुठून आणायचा?
आधी आपलीच पेटी उघडा. बोहारणीला चार साड्या देऊन एक पातेलं घेण्याआधी त्या साड्यांतून काय निघेल ते बघा. नवीन पनवेल, कामोठे, खारघरला घरकामाला जाणाऱ्या ताईंनाही दिवाळीच्या साफसफाईत चांगले कपडे मिळतात. बाजारात जुने कपडे विकायला असतात, तिथे भाव करून घ्या.

काय बघून घ्यायचं?
१. कपडा उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. काखेत आणि बसायच्या जागी नीट बघा.
२. ओला पांढरा फडका कोपऱ्यावर घासा. रंग लागला तर तो कपडा वेगळा धुवायचा.
३. उलटा करून शिलाईत माया किती आहे ते बघा. माया असेल तरच कपडा सैल करता येतो. शंका असेल तर मोठ्या मापाचा घ्या, लहान करणं सोपं.

काय करायचं?
सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. विरते ती बहुतेक पायाशी आणि खोचायच्या ठिकाणी. चांगल्या भागातून अडीच मीटरचा कुर्ता आणि दोन मीटरची ओढणी निघते. काठ बाहीला आणि घेराला लावा. ढगळ कुर्ता असेल तर आधी खांदे बसवा, मग बाजू आत घ्या. कच्चा टाका घालून अंगावर बघा, मगच कात्री लावा. पुरुषांच्या शर्टाची कॉलर झिजते, पाठ चांगली राहते. त्यातून लहान मुलीचा फ्रॉक होतो. उरलेल्या तुकड्यांची गोधडी कशी करायची, ते तुम्हाला मी काय शिकवणार!

आणि लाजेचं काय?
एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "कामावरून मिळालेला ड्रेस माझी मुलगी घालत नाही. मॅडमच्या मुलीनं ओळखला तर, म्हणते." सगळ्या गप्प झाल्या. त्या मुलीचं काही चुकलं नाही. दिलेला कपडा दिलेल्यासारखाच घातला की तसं वाटतं. तिलाच विचारा, गळा कसा हवा, बाही किती हवी. तिच्या पसंतीनं बदलला की तो तिचा.

अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'गूंज' संस्था याच विचारानं चालते. गावातल्या लोकांनी विहीर, रस्ता असं गावाचं काम स्वतः ठरवून करायचं आणि त्याचा मान म्हणून कपडे घ्यायचे. भीक म्हणून नाही. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मात्र एक ध्यानात ठेवा. कपडे दिले म्हणून पगारातून किंवा दिवाळीच्या बोनसमधून एक रुपयाही कापू देऊ नका. कपडा वेगळा, कष्टाचा पैसा वेगळा.

पुढच्या बैठकीसाठी:
प्रत्येकीनं एक जुना कपडा धुऊन आणा. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी शिलाईचा दर सांगा, तो सगळ्यांसमोर ठरवू. शिवणाऱ्या ताईंना फुकटात राबवायचं नाही. वाचलेले पैसे किती, ते प्रत्येकीनं आपल्या वहीत लिहायचं.