पहिला तास आणि आपले प्रशिक्षण

आपल्या देशात आता बहुतेक प्रसूती रुग्णालयांत होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ८८.६ टक्के आढळले. परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेली बालके केवळ ४१.८ टक्के होती. माता आपल्या दारी येते, तरीही तो तास निसटतो. याचे कारण मातेच्या अज्ञानापेक्षा आपल्या प्रशिक्षणात शोधावे, असे मला वाटते.

मातेच्या दुधातील घटक आपण सर्वांनी पाठ केले आहेत. बाळाला स्तनाशी कसे लावावे, हे मात्र पुस्तकातून हातात उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९३ मध्ये आखलेल्या ४० तासांच्या अभ्यासक्रमात म्हणूनच प्रत्यक्ष मातांसमवेत सराव ठेवलेला आहे. त्यातील चार खुणा प्रत्येक परिचारिकेस ओळखता यायला हव्यात: बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनास टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूस अधिक दिसणारा. पकड चुकली की स्तनाग्रास चिरा पडतात, दूध नीट ओढले जात नाही आणि ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार सुरू होते. अशा वेळी पावडरच्या डब्याचे नाव लिहून देण्यापूर्वी एक स्तनपान डोळ्यांनी पाहावे, बाळाचे वजन व लघवीचे प्रमाण तपासावे.

दुसरे कौशल्य ऐकण्याचे. आपल्या इंदुरात कोणी माळवी बोलते, कोणी निमाडी, कोणी मराठी. ‘बाळ नीट पिते ना?’ या प्रश्नास सर्वांचे उत्तर ‘हो’ एवढेच येते. ‘बाळ कसे पिते, सांगाल का?’ असे विचारताच अडचण बाहेर येते. मध वा घुटी चाटविण्याचा आग्रह धरणाऱ्या आजीलाही या संवादात सन्मानाने सामील करून घ्यावे.

हे प्रशिक्षण कोणाच्या पैशाने व्हावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. शिशुदुग्धपर्यायांविषयीच्या १९९२ च्या कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली. तीनुसार अशा उत्पादनांच्या कंपन्यांना वैद्यकांच्या संघटनांची चर्चासत्रे वा परिषदा पुरस्कृत करता येत नाहीत. तेव्हा हा खर्च आपणच उचलावा, हे उचित. ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना १९९१ मध्ये वर्ध्यास झाली. प्रशिक्षणाच्या कामी तिचा अनुभव आपणांस उपयोगी पडेल.

माझी नम्र सूचना एवढीच, की आपल्या संस्थेने आरंभ रात्रपाळीच्या परिचारिकांपासून करावा. मध्यरात्री बाळ रडते तेव्हा मातेजवळ आपण नसतो, त्या असतात.