यात्रामार्गावरील शिदोरी : उन्हाळ्यात अन्न व पेये थंड राखण्याची रीत

कोल्हापूरची श्रीमहालक्ष्मी, तुळजापूरची श्रीतुळजाभवानी, माहूरची श्रीरेणुका आणि वणीची श्रीसप्तशृंगी या साडेतीन शक्तिपीठांचे दर्शन एकाच प्रवासात घेण्याचा संकल्प अनेक कुटुंबे करतात. हा रस्ता हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि तो पुरा करण्यास चार-पाच दिवस सहज लागतात. सप्तशृंगगडावरील चैत्रोत्सव रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत भरतो. त्यामुळे पुष्कळ भाविक याच सुमारास निघतात. या दिवसांत मराठवाडा व विदर्भ येथील पारा ४० अंशांच्या पुढे जातो. बरोबर वृद्ध माणसे असतात, लहान मुले असतात. अशा वेळी बिघडलेल्या अन्नाचा एक घास किंवा अशुद्ध पाण्याचा एक पेला संपूर्ण यात्रेत विघ्न आणू शकतो. म्हणून निघण्यापूर्वीच शिदोरीचा विचार करणे हिताचे ठरते.

अन्न का बिघडते

हवेत, पाण्यात, हातांवर व भांड्यांवर सूक्ष्म जंतू असतातच. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ते झपाट्याने वाढतात. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होते. यास्तव जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ उघड्या हवेच्या तापमानात ठेवू नये. हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असल्यास ही मर्यादा एका तासावर आणावी. चैत्र-वैशाखात प्रवासातील बहुतेक वेळ याच कडक मर्यादेत मोडतो.

‘पुन्हा उकळले की दोष जातो’ हा समज पूर्णपणे खरा नाही. भातात वाढणारे काही जंतू आणि खव्यात, दुधाच्या मिठाईत माणसाच्या हातातून शिरणारे काही जंतू असे विष तयार करतात, की जे अन्न गरम केल्यानेही नष्ट होत नाही. शिवाय असे अन्न वासाला व चवीला पुष्कळदा चांगलेच लागते. म्हणून परीक्षा नाकाने वा जिभेने न करता घड्याळाने करावी.

थंडाव्याची गरज कशाला आहे, कशाला नाही

प्रवासात थंडावा मोजकाच मिळतो. तो सर्व पदार्थांवर वाटून टाकल्यास कोणाच्याच उपयोगी पडत नाही. आपल्या पूर्वजांची शिदोरी बर्फावाचून टिकत असे, कारण तिच्यात ओल कमी असलेले पदार्थच घेतलेले असत. भाकरी, शेंगदाण्याची वा तिळाची कोरडी चटणी, चुरमुरे, फुटाणे, भडंग, शंकरपाळे, बेसनाचे वा रव्याचे लाडू, गूळ, खजूर आणि सुके खोबरे यांस थंडाव्याची गरज नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या पहिल्या दिवसासाठी घ्याव्यात.

याउलट दूध, दही, ताक, पनीर, खवा, शिजवलेला भात, उकडलेला बटाटा, ओल्या नारळाची चटणी आणि कापलेली फळे हे पदार्थ थंडाव्याशिवाय टिकत नाहीत. उपवास करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा व ओलावा दोन्ही असल्यामुळे सकाळची खिचडी दुपारी खाणे धोक्याचे असते. त्याऐवजी राजगिऱ्याचा लाडू, भाजलेले शेंगदाणे, खजूर व अखंड फळे जवळ बाळगावीत.

पेयांच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. कैरीच्या पन्ह्याचा गूळ किंवा साखर घालून आटवलेला घट्ट गर, कोकमाचे आगळ, लिंबू, साखर व मीठ ही सामग्री बरोबर असली म्हणजे मुक्कामावर स्वच्छ पाणी मिसळून पेय ताजे करता येते. तयार सरबताच्या बाटल्या वाहून नेणे आणि त्या दिवसभर गार ठेवणे हा खटाटोप मग उरत नाही. पन्ह्याचा गर मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी करून गार करावा व आइसबॉक्समध्येच ठेवावा.

आइसबॉक्स भरण्याची रीत

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. आइसबॉक्सचा सारा कारभार या एका आकड्यावर चालतो. उन्हात तापून ४० अंशांवर गेलेल्या पाण्याच्या एक-एक लिटरच्या पाच बाटल्या आत ठेवल्या, तर त्या ५ अंशांपर्यंत गार करण्यातच दोन किलोंहून अधिक बर्फ खर्ची पडतो. तेव्हा पेटीचे काम गरम वस्तू गार करणे हे नसून गार वस्तू गार राखणे हे होय. सर्व पदार्थ आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून मगच पेटीत भरावेत. रिकामी पेटीही काही तास आधी बर्फाच्या बाटल्या ठेवून आतून गार करून घ्यावी.

सुटा बर्फ भरण्यापेक्षा पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून न्याव्यात. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, म्हणून बाटलीचा दहावा हिस्सा रिकामा सोडावा. अशा बाटल्यांमुळे पदार्थ भिजत नाहीत आणि बर्फ वितळला की प्यायला स्वच्छ पाणी मिळते. मोठा तुकडा बारीक चुऱ्यापेक्षा उशिरा वितळतो, म्हणून मोठ्या बाटल्या अधिक उपयोगी ठरतात. थंड हवा खाली उतरते, यास्तव काही बाटल्या तळाशी व काही वर ठेवाव्यात. मधल्या रिकाम्या जागा कापडाने भराव्यात. पेटी जितकी भरलेली, तितका थंडावा टिकाऊ.

पेटी वारंवार उघडल्याने बाहेरची तप्त हवा आत शिरते. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी पेटी किंवा माठ ठेवावा आणि अन्नाची पेटी दिवसातून दोन-तीन वेळाच उघडावी. पेटी गाडीच्या टपावर वा डिकीत न ठेवता आत, सावलीच्या बाजूस, आसनाखाली ठेवावी व वर जाड चादर किंवा गोणपाट घालावे. मुक्कामाच्या ठिकाणी विनंती केल्यास बाटल्या रात्रभरात पुन्हा गोठवून मिळू शकतात. त्यासाठी बाटल्यांचे दोन संच असावेत.

खरी अडचण दर्शनाच्या रांगेत असताना उद्भवते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी अधिक तापू शकते आणि गर्दीच्या दिवशी रांगेत कित्येक तास जातात. म्हणून पेटी गाडीत न सोडता भक्तनिवासातील खोलीत ठेवावी. तसे शक्य नसल्यास त्यातील नाशवंत पदार्थ दर्शनापूर्वीच संपवावेत.

विकतचा बर्फ

वाटेत मिळणारी बर्फाची लादी बहुधा पिण्याच्या पाण्याची नसते. अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचे आदेश २०१८ साली देण्यात आले. तरीही पांढरा दिसणारा प्रत्येक बर्फ शुद्धच असेल असे मानू नये. विकतचा बर्फ केवळ बाहेरून गारवा देण्यासाठी, जाड पिशवीत बांधून वापरावा. तो पाण्यात, सरबतात अथवा उसाच्या रसात घालू नये. जंतू बर्फात गोठले तरी मरतातच असे नाही.

माठ, छागल आणि ओले फडके

पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाची आवश्यकता नाही. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. जाड कापडाची छागल गाडीबाहेर टांगण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. गाडीच्या वेगाने वारा लागतो व पाणी लवकर निवते. मराठवाडा व विदर्भाच्या कोरड्या हवेत ही रीत उत्तम चालते, कोकणच्या दमट हवेत तिचा गुण कमी येतो. स्टीलच्या कळशीला ओले सुती फडके गुंडाळूनही हाच परिणाम साधतो. मात्र असा गारवा पाण्यापुरताच पुरेसा असतो. दूध वा दही टिकविण्याइतका तो नसतो, हे विसरू नये.

पंचामृत, नैवेद्य आणि प्रसाद

पंचामृतातील पाच द्रव्यांपैकी मध, साखर व तूप ही तिन्ही उन्हाळ्यातही टिकतात. नाशवंत असतात ती दूध व दही ही दोनच. म्हणून तीन द्रव्ये घरून न्यावीत, दूध व दही क्षेत्राच्या ठिकाणी ताजे घ्यावे आणि मिश्रण पूजेच्या वेळीच करावे. घरून कालवून नेलेले पंचामृत तीर्थ म्हणून वाटणे योग्य नव्हे.

नारळ अखंड असेपर्यंत टिकतो. फोडल्यावर मात्र त्याचे खोबरे उन्हात काही तासांतच बुळबुळीत होते. घरी न्यायचा असेल तर तो अखंडच न्यावा आणि फोडलेला त्याच दिवशी वाटून संपवावा. पेढे, बर्फी असा खव्याचा प्रसाद परतीच्या शेवटच्या टप्प्यावर घ्यावा व लगेच पेटीत ठेवावा. अनेक दिवस पुरवायचा प्रसाद म्हणून खडीसाखर, चुरमुरे, बत्तासे व सुके खोबरे हेच उत्तम.

देवाचा प्रसाद टाकवत नाही, म्हणून शंका येऊनही तो मुलांच्या हातावर ठेवला जातो. श्रद्धेला बाधा न आणता येथे विवेक करावा. ज्यात दोष आला ते द्रव्य खाण्यास योग्य राहत नाही. ते आदराने झाडाच्या मुळाशी मातीत पुरावे. नदीत वा कुंडात सोडू नये. गाईलाही घालू नये, कारण जे माणसाला अपायकारक ते मुक्या जनावरालाही अपायकारकच असते.

मधुमेही भाविकांसाठी

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. ते बर्फास थेट चिकटून ठेवल्यास गोठते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही निरुपयोगी असते. ते कोरड्या डब्यात घालून, डब्याभोवती कापड गुंडाळून पेटीच्या मधल्या भागात ठेवावे. वापरात असलेली कुपी किती दिवस व किती अंशांपर्यंत चालते हे वेष्टनावर लिहिलेले असते. डॉक्टरांना विचारून तशी योजना करावी. दर्शनास जाताना ते गाडीत ठेवू नये.

यात्रेकरूंनी लक्षात ठेवावे

१. नाशवंत पदार्थ पहिल्या दिवसापुरतेच घ्यावेत. पुढील दिवशी ताजे, गरम जेवण घ्यावे.

२. पेटीतील बर्फ पूर्ण वितळून पाणी कोमट झाले असल्यास त्यातील दूध, दही व शिजवलेले अन्न खाऊ नये.

३. अन्नास हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

४. तान्ह्या बाळाचे दूध प्रत्येक वेळी ताजे तयार करावे. उरलेले पुन्हा देऊ नये.

५. उलट्या-जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. लहान मूल किंवा वृद्ध असल्यास विलंब न लावता जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे.

६. रिकाम्या बाटल्या, थर्मोकोल व पिशव्या गडावर वा घाटात टाकू नयेत. त्या परत न्याव्यात.