रात्री पाय का ठणकतात? जिमला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी एक पाठ



दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की गावोगावच्या जिममध्ये नवे चेहरे दिसू लागतात. कुणाला पुढे पोलीस भरतीला उतरायचं असतं, कुणाला नुसतीच 'बॉडी' करायची असते. पहिला आठवडा उलटायच्या आत घरोघरी एकच तक्रार सुरू होते, "आई, रात्री पाय फार ठणकतात गं." त्यावरची उत्तरंही ठरलेली. आजी म्हणते, तेल चोळून घे. बाबा म्हणतात, सवय होईल. जिममधले सर म्हणतात, दुखतंय म्हणजे व्यायाम लागू पडतोय.

बहुतेक वेळा या तिघांचंही बरोबर असतं. पण क्वचित तिघांचंही चुकतं, आणि तेव्हा ती चूक फार महागात पडते. मुलाचं दुखणं साधं आहे की नाही, हे घरच्या घरी कसं पारखायचं ते या पाठात पाहू. मुद्दा एकच लक्षात ठेवायचा आहे : पाय किती दुखतो एवढंच विचारू नका. कुठे दुखतो, कधी दुखतो आणि दिवसागणिक कमी होतोय की वाढतोय, हे विचारा.

१. दुखणं येतं कुठून?

दहावीच्या विज्ञानात मुलांना 'लॅक्टिक आम्ल' हा शब्द भेटतो. जोराचा व्यायाम करताना स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडला की हे आम्ल तयार होतं, असं आपण शिकवतो. त्यावरून मुलं सहज म्हणतात, "सर, पायात लॅक्टिक आम्ल साठलंय म्हणून दुखतंय." इथे शिक्षकांनी थोडं थांबून समजावून सांगायला हवं. व्यायाम थांबवल्यावर साधारण तासाभरात त्याचं प्रमाण पूर्वपदावर येतं. मग सोमवारी सकाळी केलेल्या व्यायामामुळे मंगळवारी रात्री पाय कसे दुखतील? तेव्हा ते आम्ल तिथे उरलेलंच नसतं.

खरं कारण वेगळं आहे. सवय नसलेल्या स्नायूवर अचानक भार आला की त्याच्या तंतूंना अतिशय सूक्ष्म इजा होते. ती दुरुस्त करण्यासाठी शरीर तिथे काम सुरू करतं, थोडी सूज येते आणि त्या भागातल्या संवेदना तीव्र होतात. थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने १९०२ सालीच हे दुखणं स्नायूतल्या सूक्ष्म इजेमुळे असावं, असं मांडलं होतं.

यातली गंमत मुलांना गडाच्या उदाहरणावरून चटकन कळते. सिंहगड चढताना दम लागतो, घाम निघतो. पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः गड उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार रोखून धरत असतो. ताणलं जात असताना काम करणाऱ्या स्नायूला इजा जास्त होते. जिममध्ये वजन घेऊन बैठक मारताना खाली जाणं, पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवणं, ट्रेनरने सांगितलं म्हणून वजन हळूहळू खाली सोडणं, हे सगळे गड उतरण्याचेच प्रकार.

हे दुखणं व्यायामानंतर १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि पाच-सात दिवसांत आपोआप जातं. हे वेळापत्रक फार महत्त्वाचं आहे. पुढची सगळी पारख यावरच अवलंबून आहे.

२. मग रात्रीच जास्त का जाणवतं?

दिवसभर मूल चालतं, हलतं. त्यामुळे स्नायू मोकळे राहतात. रात्री तासन्‌तास एकाच स्थितीत पडून राहिल्यावर ते आखडतात. शिवाय दिवसा शाळा, मित्र, मोबाईल यांत मन गुंतलेलं असतं. अंथरुणावर पडल्यावर लक्ष द्यायला दुखणं सोडून दुसरं काही उरत नाही. संध्याकाळी उशिरा व्यायाम केला आणि त्याआधी कॉफी किंवा कॅफीन असलेली पावडर घेतली, तर झोपही लवकर लागत नाही. जाग्या माणसाला दुखणं जास्त कळतं.

दुसरा प्रकार म्हणजे पोटरीत गोळा येणं. पाठीवर झोपल्यावर पांघरुणाच्या वजनाने पाऊल खाली झुकतं, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो. अशा वेळी तो आणखी आवळला गेला की गोळा येतो. दिवसभराचा थकवा त्यात भर घालतो.

गोळा आल्यावर करायचं ते सोपं आहे. गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून धरा. हात पोचत नसेल तर उभं राहून टाच जमिनीला टेकवून दाबा. गोळा सुटल्यावर हलक्या हाताने चोळा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे घेऊन, टाच न उचलता पोटरी ताणण्याची सवय लावली तर पुष्कळांना फायदा होतो.

३. विचारायचे चार प्रश्न

मूल पाय दुखतो म्हणालं की चिडू नका, घाबरू नका आणि लगेच गोळीही देऊ नका. आधी हे विचारा.

*एक पाय की दोन्ही?* बैठका दोन्ही पायांनी मारल्या, तर दुखायलाही दोन्ही पाय हवेत. एकच पाय पुन्हा पुन्हा दुखत असेल तर कारण शोधलं पाहिजे.

*बोटाने दाखव, कुठे?* मूल सगळ्या मांडीवरून किंवा पोटरीवरून तळवा फिरवत असेल तर ते बहुधा स्नायूंचं दुखणं आहे. ते एकाच जागी बोट ठेवत असेल आणि ती जागा हाडावर किंवा सांध्याजवळ असेल, तर ते साधं मानू नका.

*कधीपासून?* दोन-तीन दिवस झाले असतील तर वाट पाहायला हरकत नाही. व्यायाम बंद ठेवूनही आठवडा उलटला आणि उतार नाही, तर डॉक्टरांकडे जा.

*सकाळी कसं असतं?* उठल्यावर थोडं आखडलेलं आणि चालल्यावर मोकळं होणारं दुखणं सहसा साधं असतं. मूल लंगडत असेल तर ते साधं नाही.

एक सूचना. लहान मुलांना रात्री दोन्ही पाय दुखून सकाळी एकदम बरं वाटतं, त्याला आपण 'वाढीचं दुखणं' म्हणतो. ते साधारण ३ ते १२ वर्षांच्या मुलांत दिसतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा पाय दुखला तर "वाढतोय ना अजून" असं म्हणून विषय संपवू नका.

४. हे मात्र साधं नाही

*लघवीचा रंग गडद होणं.* पहिल्याच दिवशी ईर्ष्येने दोनशे-तीनशे बैठका मारल्या, त्यात ऊन आणि पाणी कमी. अशा वेळी स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं. त्याचा मूत्रपिंडांवर ताण येतो. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मांड्या सुजून कडक होतात, उभं राहणं अवघड होतं, लघवी चहासारखी किंवा कोलासारखी दिसते. असं झालं तर उद्याची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठा आणि व्यायामाबद्दल न लपवता सांगा. वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

*हाडात बारीक चीर.* भरतीसाठी मुलगे १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव करतात. सकाळी डांबरी रस्त्यावर धावायचं आणि संध्याकाळी जिममध्ये पायांचा व्यायाम, असं दोन्ही एकदम वाढवलं की नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर पडू शकते. आधी फक्त धावताना दुखतं, मग चालतानाही, आणि पुढे रात्री अंथरुणातही. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ही चीर कित्येकदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं टिकून असेल तर पुन्हा दाखवा.

*गुडघ्याजवळचं न थांबणारं दुखणं.* हाडाचा कर्करोग हा दुर्मीळ आजार आहे, पण तो होतो तेव्हा बऱ्याचदा याच वयात, दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान, आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास. एकाच पायात, झोपेतून उठवणारं, आठवड्यागणिक वाढणारं दुखणं आणि कधी कधी तिथे सूज. मूल खेळणारं किंवा जिमला जाणारं असलं की सगळे म्हणतात, "लचकला असेल," आणि त्यात महिने निघून जातात. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. एक साधा एक्स-रे वेळेवर काढला तर शंका लवकर मिटते, आणि आजार असलाच तर उपचार लवकर सुरू होतात.

याखेरीज दुखण्यासोबत ताप, वजन घटणं किंवा पायात बधिरपणा असेल तरी डॉक्टरांना दाखवा.

५. पालकांनी स्वतः जिम लावली असेल तर

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. एका पोटरीला सूज आली, ती गरम आणि लालसर झाली, तर चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट रुग्णालयात जा. दुसरं, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तिच्यामुळेही स्नायू दुखू शकतात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे पायात गोळे येऊ शकतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

६. दुखणं टाळायचं कसं?

पहिल्या दिवशी मुद्दाम कमी करा. "अजून जमलं असतं" असं वाटत असतानाच थांबा. हलक्या व्यायामाची एक फेरी झाली की स्नायू सावध होतात आणि पुढचे काही आठवडे तेवढ्याच भाराने कमी दुखतात. पायांचा जोरदार व्यायाम झाल्यावर मध्ये निदान ४८ तास जाऊ द्या.

पाय दुखत असताना अगदी झोपून राहू नका. संथ चालणं, कोमट पाण्याने अंघोळ, हलकं मालीश यांनी आराम पडतो. जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी असं रोजचंच पण पुरेसं असू द्या. किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोप लागते. स्नायूंची दुरुस्ती झोपेतही चालू असते, त्यामुळे रात्री एकपर्यंत रील्स बघून पहाटे पाचला मैदानावर जाणाऱ्या मुलाचे पाय दुखतच राहतील.

वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला जाणं ही सर्वांत वाईट सवय. दुखणं हा शरीराचा निरोप आहे, गोळीने तो ऐकू येत नाही इतकंच. शिवाय पाणी कमी पडलेल्या शरीरात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात.

७. शाळेसाठी एक अवघड मुद्दा

आता आपल्याकडे, म्हणजे शिक्षकांकडे वळू. गृहपाठ केला नाही म्हणून शंभर उठाबशा काढायला लावणं अजूनही कुठे कुठे चालतं. वर सांगितलेलं विज्ञान लक्षात घेतलं तर उठाबशा म्हणजे सवय नसलेल्या मांड्यांवर अचानक टाकलेला भारच. जिममधला मुलगा दमल्यावर स्वतः थांबू शकतो. शिक्षा भोगणारं मूल थांबू शकत नाही. रात्री पाय दुखले तरी ते घरी सांगत नाही, कारण शिक्षेचं कारणही सांगावं लागेल. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला मनाई आहेच. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याची मात्रा आपल्याला मोजता येत नाही, ते मुलाच्या शरीरावर लादू नये.

८. वर्गात घेता येईल असा उपक्रम

नववी ते बारावीच्या मुलांना आठ दिवसांची 'दुखण्याची नोंदवही' ठेवायला सांगा. रोज पाच रकाने भरायचे : काय व्यायाम केला, किती केला, कुठे दुखलं, शून्य ते दहापैकी किती दुखलं, किती तास झोप झाली. आठव्या दिवशी दुखण्याचा आलेख काढायचा. साधं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि मग उतरतं. आलेख चढतच राहिला तर ती वही घेऊन पालकांशी बोला. शारीरिक शिक्षण, विज्ञान आणि गणित असे तीन विषय यात एकत्र येतात, आणि डॉक्टरांकडे जावं लागलंच तर हीच वही त्यांना उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. गड चढण्यापेक्षा उतरल्यामुळे मांड्या जास्त का दुखतात?
२. व्यायामानंतर दोन दिवसांनी दुखणाऱ्या पायांचं कारण लॅक्टिक आम्ल का असू शकत नाही?
३. "माझा फक्त उजवा गुडघा दुखतो, महिना झाला, रात्री जाग येते," असं मित्राने सांगितलं तर तुम्ही त्याला काय सांगाल?

तिसरा प्रश्न मुलांकडून जरूर सोडवून घ्या. मुलं असं काही घरी सांगण्याआधी मित्राला सांगतात.