त्वचेची निगा : थोड्या खर्चांत आणि मुक्या जिवांस न दुखवितां

मनुष्याच्या शरीरांतील सर्वांत मोठें इंद्रिय कोणतें, असें विचारलें तर वर्गांतील बहुतेक मुलें हृदय, फुप्फुस किंवा यकृत यांपैकीं एखादें नांव सांगतील. वास्तविक तो मान त्वचेचा आहे. प्रौढ माणसाची त्वचा पसरून मोजितां आली तर ती सुमारें दीड ते दोन चौरस मीटर भरेल. ऊन, धूळ, रोगजंतु या सर्वांशीं पहिली गांठ तिचीच पडते.

अशा या इंद्रियाकडे दोन्ही बाजूंनीं चुकीचें लक्ष पुरविलें जातें. कांहीं घरांत ‘कातड्याची कसली निगा? दोन तांबे पाणी घातलें कीं झालें,’ असें म्हणून विषय संपवितात. उलट कांहीं मुलें मोबाईलवर दहा-दहा बाटल्यांच्या रांगा पाहून तेवढ्या आपल्यालाही हव्यात असा हट्ट धरितात. हट्ट पुरा झाला नाहीं म्हणजे खाऊच्या पैशांतून, बाजाराच्या दिवशीं, एखादी बिननांवाची डबी घरीं येते आणि ती आईबापांच्या नजरेस पडत नाहीं. आमच्या मतें खरा धोका त्या डबींत आहे. म्हणून काय वापरावें याबरोबरच काय वापरूं नये हेंही आम्हीं येथें सांगणार आहों.

आमच्या कऱ्हाटीच्या मुलुखाची हवा त्वचेला फारशी मानवणारी नाहीं. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर आपला भार उतरवितात आणि जेजुरी-मोरगांवावरून कऱ्हेच्या कांठानें बारामतीस पोंचेपर्यंत बहुधा रिकामे होतात. बारामती व इंदापूर या तालुक्यांत वर्षाकांठीं सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो; हिंवाळ्यांत कोरडा वारा सुटतो. अशा हवेंत त्वचेंतील ओलावा लवकर उडून जातो, ओठ फुटतात, टांचांना भेगा पडतात. पोटरीवर नखानें पांढरें अक्षर काढतां आलें कीं समजावें, त्वचा कोरडी पडली आहे.

त्यांत पाण्याची अडचण. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला आणि त्याच्या पाण्यावर ऊस पिकूं लागला. परंतु निचऱ्याची सोय नसतां पाणी देत गेल्यानें कित्येक जमिनी खारावल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील हॅरोल्ड मॅन यांनीं एका सहकाऱ्यासह नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींवर १९१० सालींच एक पुस्तिका लिहिली होती. आजही पुष्कळ वाड्यावस्त्यांवर स्नानाला विहिरीचें किंवा बोअरचें मचूळ पाणी असतें. पाठ्यपुस्तकांत ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात तें हेंच. त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशीं संयोग पावतात आणि फेसाऐवजीं करड्या रंगाची चिकट साय तयार होते. बादलीच्या कडेला जी साय बसते तीच आपल्या अंगावरही बसते. फेस येत नाहीं म्हणून आपण साबण आणखी घांसतों, आणि जितका घांसावा तितकी त्वचा अधिक खरखरीत होते.

यासाठीं पहिला नियम साबण कमी करण्याचा. काखा, जांघा, पाय आणि हात येथें साबण लावावा. बाकीचें अंग, विशेष घाम वा धूळ नसेल तर, नुसत्या पाण्यानें धुतलें तरी स्वच्छ होतें. चेहरा सकाळीं व संध्याकाळीं असा दोन वेळ धुतला म्हणजे पुरे. निरोगी त्वचा किंचित् आम्ल असते आणि साधा साबण अल्कधर्मी असतो. याची प्रचीति शाळेच्या प्रयोगशाळेंत घेतां येईल. साबणाच्या पाण्यांत लाल लिटमस बुडवावा, तो निळा होतो. ज्यांच्या घरचें पाणी फारच मचूळ आहे त्यांनीं ज्याच्या वेष्टनावर ‘सोप-फ्री’ असें लिहिलेलें असतें ती वडी घ्यावी. तिची तशी साय होत नाहीं. ती साबणापेक्षां महाग पडते खरी, परंतु केवळ चेहऱ्यापुरती वापरिली तर पुष्कळ दिवस पुरते. दिवाळीचें उटणें दिवाळीला ठीक आहे. रोज त्यानें, किंवा त्याहून वाईट म्हणजे घांसणीनें, चेहरा चोळण्याची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट स्निग्धतेची. अंग पुसल्यावर तें किंचित् ओलसर असतांनाच तेल किंवा मलम लावावें. अंग पुरें वाळल्यावर लावलेल्या तेलाचा उपयोग त्यामानानें कमी होतो, कारण तेल स्वतः ओलावा देत नाहीं. असलेला ओलावा धरून ठेवितें. खोबरेल सर्वांच्या घरीं असतें. टांचांच्या भेगांना व फुटलेल्या ओठांना कोंकणांतून येणारें कोकमाचें तेल उत्तम. तें गोळ्याच्या रूपांत मिळतें, थोडें ऊन करून लावावें. पेट्रोलियम जेलीही तितकीच गुणकारी व स्वस्त आहे. रॉबर्ट चेसब्रो नांवाच्या अमेरिकन रसायनज्ञानें तिचें पेटंट १८७२ सालीं घेतलें, आणि इतकीं वर्षें लोटलीं तरी ओलावा अडवून धरण्यांत तिच्या तोडीच्या वस्तु थोड्याच आहेत. ग्लिसरीन वापरावयाचें तर त्यांत पाणी मिसळावें, तसेंच लावूं नये.

येथें एक अपवाद सांगितला पाहिजे. वयांत येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यांतील तैलग्रंथि मोठ्या होतात आणि तारुण्यपीटिका उठतात. ही अस्वच्छतेची खूण नव्हे. म्हणून अशा मुलास ‘तोंड धूत जा’ म्हणून हिणविणें अन्यायाचें आहे. त्यानें चेहऱ्यावर खोबरेल लावूं नये, हलकें पातळ लोशन घ्यावें. पीटिका फोडूं नयेत. त्यांवर टूथपेस्ट, लिंबाचा रस किंवा खाण्याचा सोडा तर मुळींच लावूं नये. तिघांनींही त्वचा भाजल्यासारखी होऊं शकते.

तिसरी गोष्ट उन्हापासून बचाव. या बाबतींत आमच्या आजीआजोबांचें शहाणपण आधुनिक शास्त्रानेंही मान्य केलें आहे. डोक्यावर टोपी किंवा उपरणें, पदर किंवा ओढणी, आणि उसाच्या फडांत जातांना पुऱ्या बाह्यांचा सदरा. फडांतील सदऱ्यानें उसाच्या पात्याचे ओरखडेही वांचतात. ज्यांस सायकलनें लांबून शाळेंत यावें लागतें किंवा दुपारीं मैदानावर उभें राहावें लागतें, त्यांनीं परवडत असल्यास सनस्क्रीन नांवाचें मलम घ्यावें. त्यावर ‘एस. पी. एफ. ३०’ हा आंकडा असावा. चेहरा व मान यांसाठीं दोन बोटांवर लांबच लांब रेघ ओढावी इतकें मलम लागतें, आणि उन्हांत राहिल्यास दर दोन तासांनीं पुन्हां लावावें लागतें. लोक बहुधा वाटाण्याएवढें लावितात आणि गुण आला नाहीं म्हणून कुरकुरतात. परवडत नसेल तर सावली व वस्त्र यांवर भागवावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

धुणें, ओलावा राखणें आणि ऊन टाळणें : नवशिक्यास एवढेंच पुरे. याहून अधिक बाटल्या घेण्याची आवश्यकता शाळेच्या वयांत क्वचितच असते.

या वस्तु विकत घेतांना कित्येक डब्यांवर उडी मारणाऱ्या सशाचें चित्र दिसतें. तें कां, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत ‘लॅश ल्यूर’ नांवाचा पापण्या रंगविण्याचा रंग विकला जाई. त्यानें एका स्त्रीची दृष्टि गेली, दुसरी एक दगावली. १९३८ सालीं तेथें कायदा झाला, आणि १९४४ सालीं जॉन ड्रेझ या शास्त्रज्ञानें परीक्षेची एक रीत प्रसिद्ध केली. सशाला जखडून ठेवून त्याच्या डोळ्यांत परीक्षेची वस्तु घालावयाची आणि डोळा किती लाल होतो, किती सुजतो, फुलें पडतें काय, हें दिवसेंदिवस पाहावयाचें. ज्यांनीं ही रीत काढिली ते दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. माणसांचे डोळे वांचविणें हाच त्यांचा हेतु होता. परंतु पुढें नवा सुगंध, नवा रंग, ओठांची नवी छटा यांसाठींही सशांचे डोळे खर्ची पडूं लागले, आणि त्याचें समर्थन करणें कठीण झालें. १९८० सालीं न्यूयॉर्कमधील शिक्षक हेन्री स्पायरा यांनीं या प्रकाराविरुद्ध मोठी चळवळ केली. पुढें शस्त्रक्रियेंत उरलेल्या मानवी त्वचेच्या पेशींपासून प्रयोगशाळेंत त्वचेचे पातळ थर वाढविण्याची विद्या साध्य झाली. अशा थरांवर दाहाची परीक्षा घेण्याच्या पद्धतीला २०१० सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

आपल्या देशाचें या कामीं नांव घेण्यासारखें आहे. मे २०१४ मध्यें भारत सरकारनें सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चांचणीस बंदी घातली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरपासून परदेशांत अशी चांचणी झालेल्या मालाची आयातही बंद केली. युरोपियन संघानें त्याआधीं, मार्च २०१३ मध्यें, अशा मालाच्या विक्रीवर पूर्ण बंदी आणिली होती. तेव्हां सशाच्या चित्रासाठीं दुप्पट पैसे मोजण्याचें कारण नाहीं. गांवच्या दुकानांतील साधी, परवान्याची वडीही या कायद्याखालीं येते. मात्र एखादें रसायन औषधासाठीं किंवा कारखान्यासाठींही लागत असेल तर त्याची चांचणी त्या निमित्तानें झालेली असूं शकते. त्यापुरतें तरी हें चित्र पूर्ण निष्पापतेचा दाखला होत नाहीं.

चांचणी निराळी आणि वस्तूंतील घटक निराळे, हेंही ध्यानांत ठेवावें. एकेकाळीं साबणांत गुराढोरांची चरबी सर्रास असे. मुंबईचे अर्देशीर गोदरेज यांनीं पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत वनस्पतितेलाचे साबण बाजारांत आणून या प्रथेस शह दिला. आजही वेष्टनावरील यादींत ‘सोडियम टॅलोएट’ असें दिसलें तर ती चरबी समजावी. ‘सोडियम पामेट’ म्हणजे पामतेल. तें वनस्पतीचें असलें तरी त्याच्या लागवडीसाठीं इंडोनेशिया-मलेशियांत रानें तुटलीं आहेत. लॅनोलिन हा लोंकरींतील स्निग्ध पदार्थ. आमच्या माळरानांवर मेंढ्या हिंडविणाऱ्या धनगर बांधवांकडे कातरणी पाहिलेल्या मुलांस हें सांगावयास नको, कीं लोंकर काढण्यासाठीं मेंढी मारावी लागत नाहीं. तरी ज्यांस प्राणिजन्य कांहींच नको त्यांनीं तें टाळावें. खोबरेल आणि कोकमतेल यांविषयीं हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

आतां त्या बिननांवाच्या डबीकडे वळूं. तिच्यावर बहुधा ‘आठ दिवसांत गोरेपणा’ असें लिहिलेलें असतें. काळ्या व गोऱ्या माणसांच्या त्वचेंत रंग बनविणाऱ्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. त्या मेलॅनिन नांवाचें द्रव्य कमी-अधिक करितात, एवढाच भेद. आणि तें द्रव्य उन्हापासून रक्षण करितें. कऱ्हेकांठच्या उन्हांत राबणाऱ्याला सांवळा रंग मिळाला यांत निसर्गाची चूक नाहीं. रंग झपाट्यानें उजळविणारीं मलमें बहुधा दोन वस्तूंवर चालतात. एक पारा. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास कायद्यानें मनाई आहे, तरी तो सांपडतो. २०२३ च्या आरंभीं अकोल्याच्या एका कुटुंबांतील मायलेकींचीं मूत्रपिंडें बिघडलीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं शोध घेतां त्या वापरीत असलेल्या मलमांत भरमसाट पारा निघाला. नुसतें मलम पाहून त्यांतील पारा ओळखतां येत नाहीं. दुसरी वस्तु स्टिरॉइड. खाजेवर डॉक्टर थोडे दिवस देतात तीं मलमें शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्महिने चेहऱ्यावर फांसलीं जातात. त्यांनीं त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसूं लागतात, गालांवर केंस उगवतात, आणि मलम थांबवितांच चेहरा भडकतो. २०१८ सालीं सरकारनें अशीं कित्येक मलमें चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. ज्यांच्या घरीं असें मलम चालू असेल त्यांनीं तें लपवूं नये, डॉक्टरांस दाखवावें.

लग्नसराईंत हातांवर काढितात ती ‘काळी मेंदी’ही याच पंगतींतली. खरी मेंदी तांबडी रंगते. काळा रंग येण्यासाठीं तींत केंस रंगविण्याचें रसायन मिसळिलेलें असूं शकतें. तेंच रसायन वर सांगितलेल्या ‘लॅश ल्यूर’मध्यें होतें.

डबी घेतांना तिच्यावर उत्पादकाचें नांव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदतीची तारीख हीं चार पाहावीं. एक जरी नसेल तर दुकानदारास परत द्यावी. नवी वस्तु आणिली म्हणजे ती लगेच चेहऱ्यावर लावूं नये. कोपराच्या आंतील बाजूस, रुपयाएवढ्या जागीं, सात दिवस दिवसांतून दोनदां लावून पाहावी. खाज, लाली किंवा फोड न आल्यास पुढें जावें. एका वेळीं एकच नवी वस्तु सुरू करावी, म्हणजे बिघाड कोणत्या वस्तूनें झाला हें कळतें. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास सुमारें चार आठवडे लागतात. तेव्हां गुण आला कीं नाहीं याचा निवाडाही तितक्या काळानंतरच करावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिलेली खाज, पसरणारे गोल चट्टे, बधिर डाग किंवा घरांतील अनेकांस एकदम रात्रीं सुटणारी खाज, यांवर तेलसाबणाचा इलाज नाहीं. पसरणारे गोल चट्टे नायट्याचे असूं शकतात, बधिर डाग कुष्ठाचा असूं शकतो आणि घरभर सुटलेली खाज खरजेची असूं शकते. तिन्ही औषधानें बरे होतात. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याहून जवळ प्रत्येकाचें प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथें केसपेपर काढून दाखवावें, आणि आजवर लाविलेल्या सर्व मलमांच्या नळ्या व डब्या बरोबर न्याव्यात.