संशोधन-लेखाची परीक्षा आणि लेखकाचा अधिकार

इ. स. १८४५ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीकडे मुंबईहून एक हस्तलिखित प्रबंध येऊन पोचला. त्याचे लेखक जॉन जेम्स वॉटरस्टन हे मूळचे स्कॉटलंडचे. १८३९ पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील उमेदवारांस मुंबईत शिक्षण देत असत. वायूचे अतिसूक्ष्म कण सर्व दिशांनी वेगाने धावत असतात, ते परस्परांवर व पात्राच्या भिंतींवर आदळतात आणि या आघातांचा परिणाम म्हणजेच वायूचा दाब होय, असे त्यांनी प्रतिपादन केले होते. कणांच्या वेगाचा वर्ग तपमानाच्या प्रमाणात वाढतो. तसेच दोन वायू एकत्र मिसळले असता जड कण सावकाश व हलके कण जलद अशा रीतीने धावतात की, कणाचे वस्तुमान आणि त्याच्या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार दोहोंच्या बाबतीत सरासरीने सारखाच येतो, हा सिद्धांतही त्या प्रबंधात होता. आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी वायूंचा गत्यात्मक सिद्धांत म्हणून जे शिकतो, त्याचा हा गाभाच होय.

सोसायटीच्या प्रथेप्रमाणे प्रबंध परीक्षकांकडे गेला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेडन पॉवेल यांस मूळ कल्पनाच ग्राह्य वाटली नाही. दुसरे परीक्षक सर जॉन लबक यांनी तर हा निव्वळ प्रलाप असून सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, अशा अर्थाचा शेरा मारला. १८४६ च्या मार्चमध्ये प्रबंध वाचला गेला, त्याचा लहानसा सारांश छापण्यात आला, आणि मूळ हस्तलिखित दप्तरात बांधून ठेवले गेले.

इतक्यावरच गोष्ट थांबती, तर वॉटरस्टन यांस तो प्रबंध अन्यत्र प्रसिद्ध करता आला असता. परंतु सोसायटीचा नियम असा होता की, तिच्या सभेपुढे वाचलेला प्रबंध ही तिची मालमत्ता होय. तो लेखकास परत मिळत नसे. आणि वॉटरस्टन यांनी आपल्याजवळ नक्कल ठेवलेली नव्हती. पुढे १८५७ मध्ये जर्मनीत क्लाउसियुस यांनी, आणि १८६० मध्ये ब्रिटनमध्ये मॅक्सवेल यांनी याच विषयावर लेख प्रसिद्ध केले. श्रेय साहजिकच त्यांच्याकडे गेले. वॉटरस्टन १८५७ मध्ये स्वदेशी परतले होते. १८८३ च्या जूनमध्ये एके दिवशी ते एडिनबर्ग येथील आपल्या घरातून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, सोसायटीचे तत्कालीन चिटणीस लॉर्ड रॅले यांनी दप्तरातून ते हस्तलिखित शोधून काढले व १८९२ मध्ये सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात ते छापविले. प्रस्तावनेत त्यांनी तरुण लेखकांस असा सल्ला दिला की, मोठी झेप घेण्यापूर्वी लहान व मर्यादित विषयावरील कामाने आपले नाव शास्त्रीय जगात रुजवून घ्यावे. सल्ला व्यवहारास धरून आहे, यात संशय नाही. परंतु हस्तलिखित परत न देण्याच्या नियमावर त्यामुळे काही पांघरूण पडत नाही.

या एका प्रकरणात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. लेख प्रसिद्धीस योग्य आहे की नाही हे कोणी ठरवावे, हा पहिला. आणि एकदा दिलेला लेख कोणाचा, हा दुसरा. पहिल्याची चर्चा बरीच होते. दुसऱ्याकडे, तरुण संशोधकांचेदेखील, फारसे लक्ष नसते.

परीक्षणाची प्रथा

शास्त्रीय नियतकालिके १६६५ साली सुरू झाली. त्या वर्षाच्या जानेवारीत पॅरिस येथे ‘जुर्नाल दे साव्हाँ’ आणि मार्चमध्ये लंडन येथे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ निघाले. दुसऱ्याचे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग हे रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. काय छापावे याचा निर्णय मुख्यतः तेच करीत. १७५२ मध्ये सोसायटीने ते नियतकालिक आपल्या जबाबदारीवर घेतले व लेखांच्या निवडीसाठी एक समिती नेमली. परंतु लेखी अहवालाची पद्धत आली ती १८३२ च्या सुमारास, विल्यम ह्यूएल यांच्या सूचनेवरून. पहिला लेख जॉर्ज एअरी यांचा, पृथ्वी व शुक्र यांच्या गतींमधील एका दीर्घकालिक फरकाविषयीचा होता. परीक्षक होते स्वतः ह्यूएल आणि तेच सर जॉन लबक. दोघांचे जमेना! ह्यूएल यांस अहवालात लेखाचे महत्त्व जगास समजावून सांगावयाचे होते. लबक यांस त्यातील गणिताचे दोष दाखवावयाचे होते. परीक्षकाने लेखाचा परिचय करून द्यावा की त्यातील चुका शोधाव्यात, हा वाद पहिल्याच अहवालापासून चालत आलेला आहे. पुढे थोड्याच काळात हे अहवाल गोपनीय झाले, व परीक्षक हा पडद्याआडचा न्यायाधीश बनला.

या पद्धतीस आज समकक्ष-परीक्षण म्हणतात. म्हणजे लेखकाच्याच विषयात काम करणाऱ्या, त्याच्याच तोलाच्या अभ्यासकांनी केलेली परीक्षा. ही पद्धत विज्ञानाइतकीच पुरातन आहे असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक प्रतिष्ठित नियतकालिकांत संपादकच निर्णय करीत. ‘नेचर’मध्ये १९५३ साली प्रसिद्ध झालेला वॉटसन व क्रिक यांचा डी. एन. ए. च्या रचनेविषयीचा लेख बाहेरच्या परीक्षकांकडे गेलाच नव्हता. त्या नियतकालिकाने बाह्य परीक्षण नियमाने सुरू केले ते १९७३ मध्ये.

ज्यांस या पद्धतीची सवय नव्हती त्यांस ती अपमानास्पद वाटे. १९३६ मध्ये आइन्स्टाइन व त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक लेख पाठविला. गुरुत्वीय तरंग अस्तित्वात असू शकत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे दिला, व परीक्षकाने विस्तृत आक्षेप घेतले. लेख छापावयास दिला होता, छापण्यापूर्वी कोणास दाखविण्यास नव्हे, असे कळवून आइन्स्टाइन यांनी तो रागाने परत घेतला. मात्र पुढील वर्षी दुसऱ्या नियतकालिकात तो लेख आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. ते परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होते, हे पुष्कळ वर्षांनी उघड झाले. आणि २०१५ मध्ये गुरुत्वीय तरंग प्रत्यक्ष टिपलेही गेले. येथे परीक्षकाचे म्हणणे खरे होते आणि जगविख्यात लेखकाचे चूक.

तेव्हा मुंबईच्या अपरिचित शिक्षकावर अन्याय करणारी आणि आइन्स्टाइनसारख्यास चुकीतून वाचविणारी पद्धत एकच होय, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आजची रीत साधारणतः अशी. लेख प्रथम संपादक पाहतो. विषयास सोडून असलेले किंवा उघड सदोष असलेले लेख तेथूनच परत जातात. उरलेले दोन-तीन परीक्षकांकडे पाठविले जातात. बहुधा परीक्षकांस लेखकाचे नाव माहीत असते, पण लेखकास परीक्षकांचे नसते. काही नियतकालिकांत दोन्ही नावे झाकलेली असतात. वॉटरस्टन यांचे प्रकरण आठवले म्हणजे दुसरी रीत का निघाली हे सांगावे लागत नाही. परीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. पद्धत योग्य आहे काय, आकड्यांवरून निष्कर्ष निघतो काय, पूर्वीच्या कामाचा उल्लेख आहे काय, एवढेच तो पाहू शकतो. या कामाचे त्यास बहुधा काहीच वेतन मिळत नाही. लेख स्वीकारावा, सुधारून मागवावा की नाकारावा याविषयी तो केवळ शिफारस करतो. निर्णय संपादकाचा असतो.

म्हणून परीक्षण झालेला लेख म्हणजे सिद्ध झालेले सत्य, असे मानणे धोक्याचे आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ मध्ये लहान मुलांची एक लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा लेख छापला. त्यातील गैरप्रकार उघडकीस येऊन तो पूर्णपणे मागे घेण्यास २०१० साल उजाडले. तोवर अनेक आईबापांनी आपल्या मुलांस लस टोचून घेण्याचे नाकारले होते. परीक्षक प्रामाणिक चूक पुष्कळदा पकडतो. लबाडी पकडणे त्याच्या आवाक्यात क्वचितच असते. परीक्षकांचे अहवालच लेखाबरोबर प्रसिद्ध करावेत, हा विचार अलीकडे बळावला आहे, आणि ‘नेचर’ने २०२५ पासून नव्याने येणाऱ्या संशोधन-लेखांस तो लागू केला आहे. शिकणाऱ्यास असे अहवाल वाचण्यासारखे असतात. पाठ्यपुस्तकात न दिसणारा, आक्षेप व उत्तर यांचा झगडा त्यांत दिसतो.

लेख कोणाचा?

कायद्याच्या दृष्टीने कल्पना, सिद्धांत किंवा निसर्गातील वस्तुस्थिती कोणाच्याही मालकीची होऊ शकत नाही. मालकी असते ती मांडणीची: लेखातील शब्दरचना, आकृत्या, तक्ते यांची. आपल्या देशातील १९५७ चा स्वामित्वहक्क अधिनियम १९५८ च्या जानेवारीत अंमलात आला. त्यान्वये ज्याने लेख लिहिला तोच सामान्यतः त्याचा पहिला स्वामी होय. सरकारी कामाचा भाग म्हणून लिहिलेले लेख वगैरे काही अपवाद आहेत. हा हक्क, ज्यास व्यवहारात कॉपीराइट म्हणतात, लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

मग प्रकाशकाचा हक्क येतो कोठून? लेख स्वीकारला गेल्याचे आनंदाचे पत्र येते, त्याच सुमारास एक करारपत्रही सहीसाठी येते. लेखक बहुधा ते न वाचता सही करतो. त्या सहीने पुष्कळदा संपूर्ण स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे जातो, आणि त्यानंतर आपलीच आकृती आपल्याच पुस्तकात छापावयाची झाल्यास लेखकास परवानगी मागावी लागते. वॉटरस्टन यांस आपले हस्तलिखित परत मिळाले नाही. आजच्या लेखकाजवळ शंभर नकला असतात, पण त्यांचे काय करावयाचे ते त्याच्या हाती राहत नाही.

आपल्या कायद्याने येथे काही संरक्षण दिलेले आहे. हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशीच झाले पाहिजे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. शिवाय हक्क विकला तरी लेखाचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा, आणि आपल्या कीर्तीस बाध येईल अशा मोडतोडीस हरकत घेण्याचा अधिकार लेखकाजवळच राहतो. परंतु मोठ्या प्रकाशकांच्या करारपत्रांत मुदत व प्रदेश दोन्ही अगदी स्पष्टपणे लिहिलेली असतात. हे ओळखूनच सही करावयास हवी.

लेखकाकडे उरणारे हक्क समजण्यासाठी लेखाच्या तीन अवस्था वेगळ्या ओळखाव्या लागतात. परीक्षणापूर्वीचा मसुदा ही पहिली. परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे सुधारलेली, संपादकाने स्वीकारलेली, पण प्रकाशकाने अद्याप न सजविलेली प्रत ही दुसरी. आणि छापील पानांच्या स्वरूपातील अंतिम प्रत ही तिसरी. पहिली प्रत सर्वांसाठी खुली ठेवण्यास पुष्कळ नियतकालिके हरकत घेत नाहीत. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस आलामोस येथे सुरू केलेला ‘अर्काइव्ह’ हा संग्रह अशाच मसुद्यांवर उभा राहिला. दुसरी प्रत आपल्या संस्थेच्या संग्रहात ठेवण्याची मुभा बहुधा काही महिन्यांनी मिळते. तिसरीवर मात्र प्रकाशकाची पकड घट्ट असते. तीही आपल्या वर्गात शिकविण्यासाठी किंवा पीएच. डी. च्या प्रबंधात वापरण्यास सहसा परवानगी असते. विज्ञानाच्या दृष्टीने खरे मोल दुसऱ्या प्रतीचे आहे, कारण परीक्षण होऊन गेलेले असते व मजकूर तोच असतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने व विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१४ च्या डिसेंबरात जे धोरण जाहीर केले, त्यात अनुदानातून झालेल्या संशोधनाची हीच प्रत संग्रहात जमा करावी असे सांगितले आहे.

दुसरा मार्ग म्हणजे हक्क हस्तांतरित न करता प्रकाशकास केवळ छापण्याची अनुज्ञा देणे. २००२ मध्ये निघालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या अनुज्ञापत्रांपैकी सर्वांत मोकळे असे आहे की, लेखकाचे नाव देण्याच्या अटीवर कोणीही तो लेख छापावा, वाटावा, त्याचे भाषांतर करावे. मराठी वाचकास यात विशेष स्वारस्य असावे. भाषांतराचा हक्क हाही स्वामित्वहक्काचाच भाग आहे; ज्या लेखाचा हक्क प्रकाशकाने राखून ठेवला आहे तो मराठीत आणावयाचा तर त्याची परवानगी हवी, मग मूळ लेखकाची कितीही इच्छा असो.

या मोकळेपणाची किंमत मात्र कित्येक ठिकाणी लेखकाकडून घेतली जाते. ‘नेचर’ने २०२१ मध्ये यासाठी एका लेखास साडेनऊ हजार युरो इतका आकार ठेवला, आजच्या हिशेबाने हे आठ लाखांहून अधिक रुपये होतात. वाचकाची अडचण दूर करून ती लेखकाच्या गळ्यात घालणे हा काही प्रश्नाचा निकाल नव्हे, असे आम्हांस वाटते. आपल्या सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना संमत केली. तीत ३ वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांस २०२५ पासून उपलब्ध झाली आहेत.

गावातील सार्वजनिक ग्रंथालय या योजनेत येत नाही. तेथील वाचकास एखादा लेख पाहिजे असेल, तर प्रथम लेखकाच्या संस्थेच्या संग्रहात दुसरी प्रत आहे काय ते पाहावे. तेथे नसल्यास लेखकासच लिहावे; त्याचा पत्ता लेखाच्या सारांशासोबत दिलेला असतो, आणि सारांश बहुतेक सर्वत्र विनामूल्य वाचता येतो. विषय, आपला उद्देश व लेखाचे संपूर्ण नाव पत्रात असावे. वैयक्तिक अभ्यासासाठी अशी प्रत पाठविण्याची मुभा बहुसंख्य करारपत्रांत लेखकास दिलेली असते.