वर्गणी जमू लागली, केंद्र कसे उभारावे?

प्रश्न : उज्जैनच्या भैरवगढ़मध्ये आम्ही काही शेजारी मिळून ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र बांधू पाहतो आहोत. परदेशातले नातेवाईकही मदत करू म्हणतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी संस्था नोंदवा, मगच पुढची पावती फाडा. मध्य प्रदेशात 1973 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. पैसा कुणा एकाच्या खात्यात ठेवू नका, मग तो माणूस कितीही सज्जन असो. चांगली कामे बहुधा इथेच मोडतात. देणगीदारांना 80जीची सवलत मिळावी असे वाटत असेल तर आयकर खात्याची वेगळी मान्यता घ्या. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत लागू नाही. परदेशातला भाचा भारतीय नागरिक असेल, तर त्याच्या कमाईतली देणगी बँकेमार्फत घेता येते. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर परदेशी देणगी नियमन कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या, परवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

जागा क्षिप्रेच्या पुराचे पाणी चढत नाही अशी बघा. तळमजलाच पुरे. जोते 45 सेंटिमीटर असेल तर उतार 5.4 मीटर लांब हवा, शौचालयात कठडे हवेतच. तुमच्याकडे बाटिक छपाईत आयुष्य गेलेले कारागीर आहेत. त्यांना समितीत घ्या, नुसते वर्गणीपुरते धरू नका. इमारत होईपर्यंत देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या खोलीत आठवड्यातून दोनदा जमा. कोण येते, काय मागते हे कळल्यावरच आराखडा काढा.