रुफिजीकाठच्या तंबूत राहायला जाताना

पोरी, टांझानियात न्येरेरे राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. तारखा जून ते ऑक्टोबरमधल्या धरा. एप्रिल-मेच्या पावसात तिथले बरेच कॅम्प बंदच असतात.

सामान कमी न्या. दार-ए-सलामहून आत जाणारं विमान छोटं असतं. माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. लाडू-चिवडा डब्यात भर, कॅरीबॅगेत बांधू नकोस. २०१९च्या जूनपासून त्या देशात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. कपडे खाकी, मळखाऊ घे. निळे आणि काळे घरीच राहू देत, कारण त्सेत्से माशी त्याच रंगांवर येते. तिला पकडायचे सापळेसुद्धा म्हणूनच निळ्या-काळ्या कापडाचे करतात.

मांझे, टागालाला ही रुफिजी नदीच्या पाण्यावर जगणारी तळी. त्यांच्या काठच्या साध्या कॅम्पांना कुंपण नसतं, आणि तिथे जायचं ते त्यासाठीच. दिवसभर पाण्यात डुंबणारे पाणघोडे अंधार पडला की चरायला वर येतात. एकेक जण रात्रीत ४० किलोच्या आसपास गवत खातो, आणि त्यातलं थोडं तुमच्या तंबूभोवतीचंही असतं. जाग आली तर पडल्या पडल्या ऐका. ओठांनी गवत उपटल्याचा आवाज, मग जड श्वास, मग दोन पावलं पुढे. मध्ये फक्त कापड. घाबरू नका, चेन लावलेल्या तंबूच्या वाटेला तो सहसा जात नाही. त्याच्या लेखी तो एक धोंडा. मात्र दिवा लावून, जाळीला मोबाईल टेकवून चित्रण करायचं नाही. जावईबापूंना हे निघण्याआधीच सांगून ठेव.

पाणघोडा बिथरतो तो पाण्याकडची वाट अडली की. दीड टनाचं धूड, पण धावण्यात माणसाला ऐकत नाही. त्याच्या आणि तळ्याच्या मध्ये कधीही उभं राहू नका. दिवेलागणीनंतर जेवायची जागा पन्नास पावलांवर असली तरी आस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला, बोलावल्याशिवाय तंबूबाहेर पडायचं नाही. आपल्या माणसांना इथेच भीड पडते. ‘कशाला त्याला उगाच त्रास’ म्हणत एकटे निघतात. अगं, तो त्याच कामासाठी जागा असतो! टॉर्च हलवून खूण करायची आणि तो येईपर्यंत आतच थांबायचं. भरदुपारी पायवाटेवर हत्ती उभा असेल तर जेवायला उशीर होऊ दे.

तंबूत खायचं काही ठेवू नकोस. लाडवांचा डबासुद्धा स्वयंपाकघरात देऊन टाक. माकडं चेन उघडायला शिकलेली असतात, आणि हत्तीला फळांचा वास लांबून लागतो. मांसाहार करत नाही हे बुकिंग करतानाच कळव, तिथे पोचल्यावर ‘सिली न्यामा’ म्हण. मग माहारागे मिळेल, नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा. सोबत चपाती. तिथेही तिला चपातीच म्हणतात.

अंघोळीला वर टांगलेल्या पिशवीतून बादलीभर ऊन पाणी येतं. अंग भिजलं की तोटी बंद, साबण लावून झाला की पुन्हा उघडायची. केस दुपारीच धू, म्हणजे डास निघायच्या आत वाळतील. तळ्यात मात्र पायसुद्धा बुडवू नका. मगरी आहेतच, शिवाय गोगलगायींमधून पसरणारा बिल्हार्झिया पाण्यातून कातडीवाटे अंगात शिरतो.

एक संध्याकाळ जीप सोडून बोटीने जा. काठाच्या उभ्या मातीत वेड्या राघूंची बिळं दिसतील, वाळलेल्या ताडावर मत्स्यगरुड बसलेला दिसेल. फोटोसाठी बोटीत उठून उभं राहायचं नाही, हात पाण्यात घालायचा नाही.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा आणि परतल्यावर त्यांनी सांगितलेले दिवस पुरे करा. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका. घरी आल्यावर महिना-दोन महिन्यांनीही ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणत पॅरासिटामॉलवर दिवस काढू नकोस. त्याच दिवशी रक्त तपासून घे, आणि डॉक्टरांना आधी हेच सांग की आम्ही आफ्रिकेत जाऊन आलोय.